एका मतासाठी गाडी

खालून कुणीतरी "जगदेवीबाई!" अशी हाक मारली तेव्हा जगदेवी तव्यावरच्या पोळीला तेल लावत होती, आणि क्षणभर तिला कळलंच नाही की हे नाव आपलं आहे. हाक पुन्हा आली. "जगदेवीबाई रामलिंग!" पुरुषाचा खणखणीत आवाज, डिसेंबरच्या थंडीतून चौथ्या मजल्यापर्यंत चढून आलेला. लातुरात येऊन तिला दीड वर्ष झालं होतं आणि त्या दीड वर्षात तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. इमारतीत ती शिवांगीची मम्मी होती, घरमालकाला चारशे दोनवाल्या ताई, भाजीवाल्याला मावशी, आणि नवऱ्याच्या फोनवर नुसतंच "हां, ऐक". शिवांगीला तर हाक मारायची गरजच पडत नसे. जेवण झालं की ती पुस्तकातून मान वर न करता ताट पुढे सरकवायची.  कुणी गेलं की काय, असं आधी वाटलं. नावानं हाक मारून बोलवायला दुसरं कारण तिला सुचेना. मग आठवलं. आज रविवार. आज मतदान. काल थोरल्या दिरांचा, शिवप्पाअण्णांचा, स्वतः फोन आला होता. "सकाळी गाडी पाठवतो. येयाचंच हाय. एकेक मत मोजून ठेवलंय मी." तिनं गॅस बंद केला, डबा भरला, आणि टेबलावर वाकलेल्या मुलीच्या पाठीकडे बघून म्हणाली, "मी जाते गं. पेपर नीट दे." शिवांगीनं बोटानं ओळ धरून ठेवली आणि म्हणाली, "दार ओढून घे."

खोली दहा बाय बाराची होती. पलंग, टेबल, कोपऱ्यात ओटा. अख्खा मजला अशा खोल्यांचा, आणि खोल्या अशा जोड्यांच्या: एक मूल आणि त्याच्यासाठी गाव सोडून आलेली एक आई. किनवटची, अर्धापूरची, परळीकडची. सगळ्या बाया सकाळी जिन्यात एकमेकींना बघून हसत आणि पुढे जात. बोलायला थांबल्या तर आतून पोरांचा अभ्यास मोडे. कुकरच्या शिट्टीवरून एकदा वरच्या मजल्यावर भांडण झालं, तेव्हापासून जगदेवी वरण पातेल्यातच शिजवायची. मुलगी क्लासला गेली की ती पलंगावर बसून राही. खाली रस्त्यावर पाठीला दप्तरं लावलेली शेकडो पोरं एका दारातून दुसऱ्या दारात जात. मोठ्या मोठ्या फलकांवर गेल्या वर्षी पास झालेल्यांचे चेहरे, प्रत्येकाखाली मार्क. ती त्या चेहऱ्यांना ओळखू लागली होती. कधीकधी संध्याकाळी मोजायची, आज आपण किती बोललो. "दूध ठेवलंय." "पाणी गेलं." "झोप आता." वीस-पंचवीस शब्द. गावात एवढे तर ती म्हशीशी बोलत होती. ह्याच लातुरात ती नऊ वर्षांची असताना एकदा आली होती, ट्रकमधून, ताडपत्रीखाली, दवाखान्यात. त्या लातुराचं तिला फक्त डेटॉलचा वास आणि एक पांढरी फरशी आठवत होती. आता दीड वर्ष राहूनही हे शहर तिच्या ओळखीचं झालं नव्हतं. दाराला मात्र ती कधी आतून कडी लावत नसे. शिवांगी त्यावरून चिडायची. "कुणी आलं म्हणजे?" जगदेवी म्हणायची, "कोण येतंय." खरं कारण तिनं मुलीला कधी सांगितलं नव्हतं, आणि मुलीनं विचारलं नव्हतं.

गाडी पांढरी होती आणि आत कुणीच नव्हतं. तिनं दार उघडून मागे डोकावलं. "आणखी कोन येनार?" "कोनी न्हाई बाईसाब," ड्रायव्हर म्हणाला. त्याचं नाव पाशामियाँ, बिलोलीचा, साठीच्या पुढचा, दाढीला मेंदी लावलेली. "तुमच्या येकलीसाठीच पाठवलं मला. पहाटं निघालो. बसा, काच वर घेतो, हवा लई गार हाय." ती मागच्या सीटवर मधोमध बसली, मग जरा सरकून खिडकीशी बसली, कारण मधोमध बसणं शोभत नाही असं वाटलं. एका बाईसाठी गाडी. दीडशे किलोमीटर यायला आणि तेवढीच जायला. तिच्या बाळंतपणाला बैलगाडी होती. शिवांगीला घेऊन लातूरला आली तेव्हा एसटी, मांडीवर गहू आणि पायाशी शेगडी. उदगीरपर्यंत ती काही बोलली नाही. बाहेर हरभरा, ज्वारी, मधूनच थंडीत पेटवलेल्या शेकोट्या. उदगिराच्या पुढे पाशामियाँनं चहाला गाडी थांबवली आणि तिच्यासाठी ग्लास आणून दिला. "तुमचं मत न्हाई का आज?" तिनं विचारलं. तो हसला. "आमचं नगरपालिकेत. आज खेड्यांचं हाय. आपलं काय बाईसाब, ज्याची गाडी त्याचा झेंडा. काल त्या पार्टीची मानसं आनली हैदराबादहून, आज तुमाला आनून राहिलो. दोनी पार्ट्या चहा देतात. येक गोष्ट सांगू? मानसं गाडीत बसल्यावर लई बोलतात, कोन येनार, कोन पडनार. बाया बोलत न्हाईत. बाया खिडकीतून बघतात. म्हनून इलेक्शनचं कुनालाच कळत न्हाई." जगदेवीला हसू आलं. आपण आज सकाळपासून किती शब्द बोललो, तिच्या मनात आलं, आणि तिनं मोजायचं टाळलं. चहा गोड होता, आलं घातलेला, कुणीतरी हातात आणून दिलेला. देगलूर मागे पडलं तसं तिला वाटू लागलं की हा रस्ता असाच चालत राहावा, कुठं पोचूच नये. मागे अभ्यास करणारी पाठ, पुढे सासर, आणि मधे आपण खिडकीशी, नावानं बोलावून घेतलेल्या.

गावात शिरताच पहिला फलक दिसला. भला मोठा अण्णांचा चेहरा, पांढरी टोपी, जोडलेले हात. त्याच्या आजूबाजूला मोठ्या पुढाऱ्यांचे वर्तुळातले फोटो. आणि तळाशी डाव्या कोपऱ्यात, डोक्यावर पदर घेतलेली, पासपोर्टच्या फोटोतून कापून चिकटवलेली सरजाअक्का. सरपंचपद ह्या खेपेला बाईसाठी राखीव निघालं, म्हणून अण्णांनी बायकोला उभं केलं होतं. निशाणी कपबशी. समोरून गुणाबाई, निशाणी पंखा. तिच्याही फलकावर तिच्या नवऱ्याचाच चेहरा मोठा. घरी पोचली तर ओसरीवर दहा-बारा माणसं याद्या मांडून बसली होती. अण्णांनी मान वर केली. "आली का! नंबर तीनशे अकरा, खूण कर रे." कुणीतरी पेनानं खूण केली. रामलिंग, तिचा नवरा, कुणाला तरी फोनवर रस्ता सांगत होता. त्यानं हात वर करून दाखवलं, म्हणजे आलोच. तो आला नाही. ती आत गेली. स्वयंपाकघरात उमेदवार भाकरी थापत होती.

सरजाअक्का पन्नाशीची, रुंद हाडाची, चुलीशी बसली की घर भरल्यासारखी वाटणारी. जगदेवी सतराव्या वर्षी ह्या घरात आली तेव्हा तिला छताखाली झोप लागत नसे. सासू म्हणाली, बाहेरचं झालंय. अण्णा म्हणाले, उतरवून आणा. अक्कानं काही न म्हणता आपलं अंथरूण उचललं आणि अंगणात जगदेवीच्या शेजारी टाकलं. दोन पावसाळे सोडले तर दोन वर्षं दोघी बाहेर झोपल्या. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत. जगदेवीनं हातपाय धुतले, दुसरी काटवट घेतली आणि समोर बसून पीठ मळू लागली. पहिल्या चार भाकरी झाल्या. बाहेर कुणीतरी हसलं, मोटारसायकल सुरू झाली.

"शिवांगी कशी हाय?"

"बरी हाय. बोलत न्हाई."

"शिकनारी पोर. बोलंल मागून." अक्कानं भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि दाराकडे बघून आवाज खाली आणला. "जगदेवी, येक सांगते. कुनापशी बोलू नको. मला मत देऊ नको."

जगदेवीचा हात पिठात थांबला.

"आठ दिस झाले, मला सही शिकवून राहिलेत. वहीभर सह्या केल्या. हात दुखला की म्हनतात, सरपंचाचा हात दुखून कसं चालंल. पल्याडच्या गावात काय झालं ठाऊक हाय ना? पान्याची टाकी. टाकी न्हाईच, कागदावर टाकी. आन् सही बाईची. साहेब आला, तिला तालुक्याला बोलावलं, नवरा म्हनला मला काय म्हाईत, सरपंच ती. दोन खेपा गेली बिचारी, उन्हात बसली." तिनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. "तीस वर्सं ह्यांच्या मानसाला चहा दिला. भाकऱ्या दिल्या. त्याचं काय न्हाई. पन नाव माझं जाऊ नये वाटतं. हरलो तर गप बसतील. मी तर पंख्यावरच दाबनार. तू बी दाब. आपली दोन. दुसऱ्या कुनाला सांगायला मला हाय कोन?"

"अक्का, अण्णांना कळलं तर?"

"मशीनला तोंड हाय का?" अक्का म्हणाली आणि भाकरी उलटली. भाकरी फुगली. "देशील ना?"

जगदेवीनं मान हलवली. तेवढ्यात अण्णा दारात आले. "आगं, तू अजून भाकऱ्याच करून राहिलीस? हिरवं लुगडं नेस. बारा वाजता जायचं, फोटू काढायचाय." अक्का उठली, पिठाचे हात धुतले आणि आत गेली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी जगदेवीनं उतरवली. बोटाला चटका बसला आणि त्या चटक्यानं तिला एकदम जाणवलं, की आपल्याला आनंद झालाय. भीतीच्या आत, अगदी तळाशी, आनंद. दीड वर्षात तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मतदान शाळेत होतं. रामलिंगनं तिला मोटारसायकलवर सोडलं आणि फाटकाशी म्हणाला, "निळा कागद सरपंचाचा, तिथं कपबशी. पांढरा मेंबराचा, तिथं बी आपलाच मानूस, नीट बघ." तू कपबशीलाच देशील ना, असं त्यानं विचारलं नाही. विचारायची गरज त्याला वाटलीच नाही. तो मुलीविषयी काहीतरी विचारील म्हणून ती थोडी थांबली, पण त्याचा फोन वाजला. बायांची रांग लांब होती. व्हरांड्यावर स्लॅब, तिला नको असलेला, मधोमध बारीक चीर. ती रांगेत जरा बाहेरच्या बाजूला, उन्हात उभी राहिली. मनाशी म्हणत होती, अण्णा वाईट नाहीत. शिवांगीला दहावीला चौऱ्याण्णव पडले तेव्हा रामलिंग म्हणाला होता, बिलोलीला घाला. अण्णा म्हणाले, लातूर, पोरगी डॉक्टर होईल. अण्णांनी फोन फिरवला नसता तर त्या क्लासला जागा मिळाली नसती. त्यांनी एकेक मत मोजलंय, त्यात तीनशे अकरा मी. आणि गावाला काय फरक पडणार आहे? गुणाबाईचा नवरा तरी काय वेगळा आहे? दोन्हीकडं नाव बाईचं, खुर्ची बाप्याची. मग हे मत गावाचं नव्हतंच. ते एका बाईनं दुसरीकडं मागितलेलं होतं, चुलीपाशी, दबक्या आवाजात. दबक्या आवाजात मागितलेली गोष्ट नाकारता येत नाही, निदान तिला येत नव्हती. अशा आवाजाचं तिनं पूर्वीही ऐकलं होतं.

ती नऊ वर्षांची होती. किल्लारीच्या अलीकडचं गाव, दगडमातीची घरं, वर हातभर मातीचं माळवद. गणपती बोळवून सगळे दमून झोपले होते आणि पहाटे जमीन हलून माळवद खाली आलं. ती उंबऱ्यापाशी झोपली होती, म्हणून कमरेपासून वर मोकळी राहिली; पाय तिनं ओढून काढले, एक सोलून निघाला. बाप आणि भाऊ झोपले होते ती बाजू गप्प होती. आई आत होती. दिसत नव्हती. मातीच्या ढिगातून फक्त दबका आवाज येत होता, आणि तो घाबरलेला नव्हता, रोजचाच होता, दळण आणायला पाठवावं तसा. "जग्गू, तू हितं थांबू नको. मळ्याकडं जा. काकाला सांग." "तू?" "मी हाय की. जा म्हनलं ना." ती गेली. अंधारात, अनवाणी, कुत्री भुंकत होती, कुठल्याच घराला घराचा आकार नव्हता. काका मळ्यात सापडले नाहीत. ते दुसऱ्या वाटेनं गावाकडं धावले होते. ती परत आली तेव्हा उजाडलं होतं, पाऊस लागला होता, शेजाऱ्यांची भिंत पडून ढीग आणखी उंच झाला होता, आणि आवाज नव्हता. लोक म्हणाले, शहाणी पोर, थांबली असती तर भिंतीखाली गेली असती. मामानं तिला बिलोलीकडं नेलं, तिथंही पाहुण्यांना हेच सांगितलं. जगदेवीनं ते मान्य केलं होतं. न मानून काय करणार? पण एकोणतीस वर्षं एक गोष्ट तिच्या मनात अशी फिरत राहिली, जात्यात एखादा खडा फिरावा तशी. जा म्हटल्यावर आपण, मी न्हाई जात, असं म्हटलं असतं आणि तिथंच ढिगाशी बसून राहिलो असतो, तर आई रागावली असती, की तिला बरं वाटलं असतं?

"पुढं व्हा, बाई." शाईवाल्या मास्तरांनी तिचं बोट धरलं. नखावर गार रेघ आली. यादीतलं नाव एकानं मोठ्यानं वाचलं, दिवसात दुसऱ्यांदा. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. तिथं ती एकटी होती. इतकी एकटी, की लातूरच्या खोलीतलं एकटेपण त्यापुढे गजबजलेलं वाटावं. पांढऱ्या कागदावर तिनं रामलिंगनं सांगितलेल्या माणसाचं बटण दाबलं. निळ्या कागदावर दोनच नावं, खाली 'वरीलपैकी एकही नाही'ची ओळ. कपबशी, पंखा. तिचा हात कपबशीकडं गेला, सवयीनं, आणि थांबला. तिला वाटलं, बाहेर सगळ्यांना पुठ्ठ्यातून आपला कोपर दिसतोय. वरचं छत डोक्याला लागेल इतकं खाली आल्यासारखं झालं. "झालं का बाई?" मास्तर म्हणाले. तिनं पंख्यासमोरचं बटण दाबलं. लांब शिट्टीसारखा आवाज झाला, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा, आणि काहीच घडलं नाही. भिंती जागेवर होत्या. ती बाहेर उन्हात आली तेव्हा रांगेतल्या बाया तिच्याकडं बघत नव्हत्या, पुढे सरकत होत्या. फाटकातून अण्णा, हिरव्या लुगड्यातली अक्का आणि मागे मोबाइल धरलेले चौघं येत होते. अक्काचा पदर डोक्यावरून नाकापर्यंत आला होता. दोघी एकमेकींच्या जवळून गेल्या.  जगदेवीनं हाताचं बोट जरा वर केलं, शाईचं. अक्कानं ते पाहिलं की नाही, कळलं नाही.

परतीच्या वाटेवर पाशामियाँनं तिला काही विचारलं नाही. दुपारची गाडी तापली होती. गाडीत दुसरं कुणी नव्हतं, पण येताना वाटली होती तशी ती आता मोकळी वाटत नव्हती. तिच्या शेजारी अक्का बसली होती, म्हणजे अक्काचं ते बोलणं बसलं होतं, रुंद, उबदार, भाकरीच्या वासाचं. आपली दोन. अकराशे मतांत दोन मतं अशी आहेत, जी कुणाच्या यादीत नाहीत. अण्णांच्या पेनानं केलेली खूण खोटी आहे आणि ते फक्त आपल्या दोघींना ठाऊक आहे. देगलूर, उदगीर, संध्याकाळचं ऊन हरभऱ्यावर. लातुरात शिरताना दिवे लागले होते. खोलीत आली तर शिवांगी जेवली नव्हती. जगदेवीनं पिठलं टाकलं, आणि ढवळताना काहीतरी गुणगुणू लागली. शिवांगीनं मान वर केली. पूर्ण वर. "मम्मी, तू गातीयेस?" "न्हाई गं." "गात होतीस." मग मुलगी बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, आजचा पेपर वाईट गेला, फिजिक्समध्ये अकरा चुकले. इतकं तिनं कित्येक महिन्यांत सांगितलं नव्हतं. जगदेवीनं तिच्या केसांत तेल घातलं. सोमवारी जिन्यात किनवटच्या बाईशी ती उगाचच पाच मिनिटं बोलली, भाव काय, थंडी किती. त्या बाईनं तिचं नाव विचारलं. "जगदेवी," ती म्हणाली.

मंगळवारी मोजणी होती. साडेअकराला रामलिंगचा फोन आला. मागे हलगी, फटाके, माणसांचं ओरडणं. "आलो! आलो गं! येका मतानं! पुन्यांदा मोजायला लावलं त्यायनी, तरी येकच!" तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "ऐकू येऊन राहिलं का? येका मतानं सरपंच! अण्णा म्हनतात, बघा, जगदेवीला गाडी पाठवली ती वाया गेली न्हाई. तुझंच मत म्हना की!" तो हसला, कितीतरी दिवसांनी तिच्याशी हसला, आणि फोन बंद झाला. ती ओट्याला धरून उभी राहिली. आधी भीती आली, कळलं तर काय, आणि लगेच गेली, कारण कळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग अक्काचा चेहरा आला. आपली दोन देऊनही झालं नाही. बिचारी. आता तिला गुलाल लावला असेल, हार घातला असेल, खुर्चीवर बसवलं असेल, आणि वहीभर सह्या केलेला तो हात. तिनं अक्काचा नंबर लावला. वाजत राहिला. दुपारभर चार वेळा लावला. मनात ती अक्काशी बोलत होती: घाबरू नको, कोऱ्या कागदावर सही करू नको, मला फोन कर, मी शिवांगीकडून वाचून घेते, आपण दोघी मिळून बघू. असं पुष्कळ बोलली. दीड वर्षात ती कुणाशी इतकं बोलली नव्हती.

संध्याकाळी फोन आला. शिवांगी टेबलाशी होती, म्हणून जगदेवी दाराशी जाऊन बसली.

"अक्का! कशी हायस?"

"आगं काय सांगू, आंग सगळं लाल झालंय, तीन बारी धुतलं." अक्काचा आवाज वेगळा होता, मोकळा, जरा घोगरा, दिवसभर मोठ्यानं बोलल्याचा. "समदं गाव आलंय. गुणाबाई बी आली, पाया पडली."

"अक्का, तुला... लई वाईट वाटलं का?"

 अक्का हसली, लहान पोरीसारखी.

"जगदेवी, त्या दिशी मी काय बाय बोलले गं तुला. भ्याले होते. आत गेले, पंख्यावर दाबायला म्हनूनच गेले. निळा कागद बघितला. पैलं नाव माझं. सरजाबाई. छापलेलं. बोर्डावर बी होतं की, पन तिथं ह्यांचं तोंड. हितं ह्यांचा फोटू न्हवता. हितं मी येकलीच. येवढ्या जल्मात माझं नाव असं येकलं मी बघितलं न्हवतं. आन् बोट तिथंच गेलं. दाबलं मी. माझ्यावरच दाबलं." तिनं श्वास घेतला. "आता सही करायची ती वाचूनच करनार. सांगितलं ह्यांना चार मानसात. गप बसले."

 जिन्यातून कुणाचं तरी मूल धावत वर गेलं.

"आन् येका मतानं गं! म्हंजे तुझं बी आलं. मला ठाऊक होतं, तू माझ्या विरुद्ध दाबनार न्हाईस. मी कायबी म्हनले तरी. तेच बरं केलंस, माझं ऐकलं न्हाईस ते." अक्कानं पलीकडे कुणाला तरी 'थांब' म्हटलं. "तू ऐकनारी असतीस, तर बसले असते मी चुलीपाशी. दिलंस ना मला?"

जगदेवीनं बोटाकडं पाहिलं नाही, मुलीकडं पाहिलं नाही. दाराच्या चौकटीला तिची पाठ टेकलेली होती आणि चौकट गार होती. पलीकडे हलगी पुन्हा सुरू झाली होती, कुणीतरी "सरपंच, सरपंच" म्हणून हाका मारत होतं, आणि अक्का उत्तरासाठी थांबली होती.

"हाव, अक्का," ती म्हणाली.

"बघ!" अक्का म्हणाली, आणि आवाज लांब गेला, माणसांत गेला.

फोन बंद झाल्यावर ती तशीच बसून राहिली. जेवायची वेळ झाली होती, वरण चढवायचं होतं. शिवांगीनं पान उलटलं.

"कोण होतं?"

"काकू. सरपंच झाल्या."

"अरे वा." पेन चालत होतं. "तू दिलंस ना त्यांना?"

"हाव," जगदेवी म्हणाली. दुसऱ्यांदा ते म्हणायला सोपं गेलं.